तोफेला कुंकू

आमच्या शहरातल्या तोफेचा मला मनापासून तिटकारा आहे. त्याच तोफेला स्वतःच्या हाताने हळदकुंकू वाहिलेली बाई म्हणून हे सांगते आहे, त्यामुळे त्या तिटकाऱ्यातला निम्मा माझ्या वाटणीचा समजावा.

शहर अमेरिकेच्या दक्षिणेतलं. नदीकाठी एक जुना लोखंडाचा कारखाना आहे. गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली आणि यादवी युद्ध पेटलं, तेव्हा त्यांच्या फौजेच्या तोफा, तोफगोळे, जहाजांना ठोकायचे जाड पत्रे इथे बनत. आता तिथे संग्रहालय आहे, समारंभासाठी मिळणारा हॉल आहे आणि एक कॅफे आहे. तिथे कॉफीवर दालचिनी भुरभुरतात आणि तिला भट्टीचं नाव देतात. लोक तिथे लग्नं लावतात. नवऱ्यामुली तोफेला टेकून फोटो काढतात.

ती तोफ अंगणाच्या मधोमध ठेवलेली आहे. दर शनिवारी अकरा वाजता चार-पाच निवृत्त गोरे गृहस्थ भर उन्हात लोकरीचे करडे कोट घालून येतात, तिला फडक्याने पुसतात आणि जमलेल्यांना तिचं वजन, तिचा पल्ला, तिची नळी किती इंचांची, सगळं सांगतात. आम्ही घरी त्यांना तोफेचे काका म्हणतो. तोफ कोणी बनवली असं विचारलं की काका मालकाचं नाव सांगतात. मालकाचा पुतळा दारातच आहे. मालक कधी वाळूत नि राखेत हात घालत असेल असं त्या पुतळ्याकडे बघून वाटत नाही. पुतळ्याच्याही हातात हातमोजे आहेत.

माझी मुलगी तिथे गाइड आहे. वय चोवीस, कॉलेजात इतिहास शिकली. ओळखीच्यांना सांगताना मी पहिली दोन वर्षं 'म्युझियम मॅनेजमेंटमध्ये आहे' असं म्हणत असे. लोकांची मुलं बेलव्ह्यूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत कोड लिहितात, माझी मुलगी शाळेच्या मुलांना बाथरूम कुठे आहे ते दाखवते, हे पचवायला मला तेवढा काळ लागला. मी स्वतः एका कंपनीत इतरांनी नियम पाळले की नाही ते तपासते. ते वाक्य पुढे लक्षात ठेवायची गरज नाही, मीही ठेवलं नव्हतं.

तर मुलीची स्वतःची एक फेरी होती, कारखान्यात राबलेल्या माणसांची. ती तिने तिच्या एका सहकारी बाईबरोबर मिळून तयार केली होती. या बाई सत्तरीच्या, कृष्णवर्णीय, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. मुलगी त्यांच्या नावाआधी 'मिस' लावते, इथे वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणते. तोंडावर म्हणायची हिंमत आधी झाली नाही आणि नंतर अधिकार उरला नाही. मावशींचे खापरपणजोबा याच कारखान्यात भट्टीवर होते. नोकरीला नव्हे. भाड्याने.

ही पद्धत मला मुलीमुळेच कळली. नववर्षाच्या सुमारास गुलामांचे मालक आपली माणसं वर्षभरासाठी कारखान्याला भाड्याने देत, नाताळला परत घेत. भाडं मालकाला मिळे. माणसाला एक कपड्यांचा जोड, बूट आणि एक घोंगडी. युद्धाच्या आधी गोऱ्या कारागिरांनी या माणसांना काम शिकवायला चक्क नकार दिला होता, काम बंद पाडलं होतं. मग युद्ध आलं, गोरे कारागीर फौजेत गेले, भट्ट्या विझू देता येत नव्हत्या, आणि ज्यांना शिकवायचं नाही असं ठरलं होतं त्यांनीच तोफा ओतल्या. स्वतःला गुलाम ठेवण्यासाठी चाललेल्या लढाईच्या तोफा. फेरीचा शेवटचा थांबा ती अंगणातली तोफ. तिथे मुलगी म्हणायची, "ही ओतणारे हात भाड्याचे होते," आणि मग मावशी आपल्या खापरपणजोबांबद्दल दोन मिनिटं बोलायच्या.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण मुलगी आमच्या किचनमध्ये सराव करायची आणि पर्यटक मी व्हायचे. मी अवघड प्रश्न विचारायचे. एकदा तर मी इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, "आई, खरे टूरिस्ट एवढं ऐकत नाहीत."

अडचण अशी होती की तिची फेरी मंगळवारी सकाळी दहाला असे. मंगळवारी दहाला संग्रहालयात शाळेच्या मुलांच्या सहली येतात आणि वाट चुकलेले लोक. खरी गर्दी शनिवारी अकराला, ती वेळ काकांची. मुलीला आणि मावशींना शनिवार हवा होता. तिथला व्यवस्थापक हो-नाही करत होता. हा तिशीतला गृहस्थ प्रत्येक गोष्टीला 'संवाद' म्हणतो. छत गळलं तरी छताशी संवाद सुरू आहे म्हणेल. शेवटी त्याने ठरवलं की ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मुलीने चाचणी फेरी घ्यावी, बोर्डाची माणसं बघतील, मग निर्णय. मावशी मुलीला म्हणाल्या होत्या, "मंगळवारी मी मुलांना सांगते, ती मुलं मला विसरतात. एकदा मोठ्या माणसांना सांगायचं आहे." त्यांचं वय बघता हे 'एकदा' मुलीने फार मनावर घेतलं होतं.

आता जरा माझ्या वडिलांविषयी, कारण त्यांच्याशिवाय माझा मूर्खपणा नीट कळणार नाही. वडील नागपूरजवळच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात मोल्डर होते. ओतकामाचे साचे बनवायचे. ओली वाळू पेटीत भरायची, दांड्याने ठोकायची, आतला नमुना अलगद काढायचा, मग त्या पोकळीत वितळलेलं लोखंड. बांगलादेशच्या युद्धात त्यांनी सलग इतक्या पाळ्या केल्या की घरी आले तर कुत्रं ओळखीना. आमच्या घराण्यातला भट्टीपाशी पगार घेणारा पहिला माणूस.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांना हार घालत, हत्यारं मांडत, पूजा होई आणि नारळ फुटे. नारळ फोडायचा मान दरवर्षी वेगळ्या माणसाला. एकोणतीस वर्षांत वडिलांची पाळी आली नाही. कोणी नाही म्हटलं नव्हतं, फक्त पाळी आली नाही. वडील आपला दांडा पूजेत ठेवत नसत. घरी आणून तेल लावून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन दीक्षाभूमीला जात.

"बाबा, तुम्हाले नाही वाटत का नारळ फोडावा?" मी लहानपणी विचारलं होतं.

"हत्याराले तेल लागते, कुंकू नाई लागत," ते म्हणाले. "अन् नारळ मी घरी फोडतो नं. भाजीत टाकाले."

ते खरंच म्हणत होते की नाही, मला कधी कळलं नाही. मला मात्र तो नारळ हवा होता. हे मी पन्नाशी उलटल्यावर शिकले.

आमच्या शहरातल्या मराठी मंडळात मी बारा वर्षं जात होते. पहिल्याच संक्रांतीला एका काकूंनी विचारलं, "नागपूरच्या का? म्हणजे नागपूरच्या नक्की कुठल्या?" मी वस्तीचं नाव सांगितलं. "अच्छा अच्छा," काकू म्हणाल्या आणि तिळगूळ जरा लांबून दिला. त्यानंतर बारा वर्षं माझ्याकडे कागदी ताटल्या आणि पुऱ्या ही दोन खाती राहिली. दूर प्लेनो शहरात माझी एक मैत्रीण आहे, आमच्यातलीच, दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. ती म्हणायची, "तू त्यांच्यात काय करतेस गं?"

"मुलीच्या कानावर मराठी पडावं म्हणून जाते."

"मुलगी चोवीसची झाली. आता कोणाच्या कानासाठी जातेस?"

मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

सप्टेंबरात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. ते पुण्याचे. आवाज असा की पलीकडे नेहमी शंभर माणसं बसलेली आहेत.

"वहिनी, एक गोड जबाबदारी द्यायची आहे."

"पुऱ्या किती?" मी विचारलं.

"पुऱ्या नाहीत हो. तुमच्या लेकीच्या म्युझियममध्ये हॉल मिळेल का? यंदा दसरा जरा रॉयल करू. तुम्ही व्हेन्यू इन्चार्ज."

माणसाला विकत घ्यायला काय काय द्यावं लागतं याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला दोन शब्द पुरले. मी त्याच दुपारी एक फाइल केली, तिच्यावर रंगीत लेबल लावलं, आणि ऑफिसात कारण नसताना तीन जणांना सांगितलं की या वीकेंडला मला बोलता येणार नाही, माझ्याकडे एक व्हेन्यू आहे.

हॉलच्या अर्जात 'कार्यक्रमाचं स्वरूप' असा रकाना होता. अध्यक्ष म्हणाले, शस्त्रपूजा असं लिहू नका, वेपन हा शब्द बघून घाबरतील. 'पारंपरिक अवजारांविषयी कृतज्ञता' असं इंग्रजीत लिहा. मी लिहिलं. खाली अटी होत्या. प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावणार नाही, त्याखाली मी सही केली. सुंदर सही केली. संग्रहालय आणि मंडळ यांच्यातला अधिकृत दुवा म्हणूनही माझंच नाव घातलं. तारीख मिळाली तो नेमका चाचणी फेरीचा शनिवार.

"आई, त्याच दिवशी माझी ट्रायल आहे," मुलगी म्हणाली. "तुमचं सगळं हॉलमध्येच आहे ना?"

"हॉलमध्येच."

"नथिंग आउटसाइड?"

"अगं, बाहेर काय करणार आम्ही?"

"आय डोन्ट नो, आई. यू गाइज ऑलवेज फाइंड समथिंग."

तिने व्यवस्थापकाला स्वतः शब्द दिला होता की ही माझ्या आईची माणसं आहेत, त्रास होणार नाही.

शनिवार उजाडला. हॉलमध्ये लांब टेबलावर लोकांनी आपापली हत्यारं मांडली होती. लॅपटॉप, प्रेशर कुकर, स्टेथोस्कोप, ड्रिल मशीन. एका जोडप्याने ऑफिसची आयडी कार्डं ठेवली होती, आणि त्यांची पूजा सगळ्यांत मनोभावे झाली. मुलांनी लेझीम केलं. अध्यक्षांनी तयार फेटा घातला होता, मागे वेल्क्रो असलेला. मी नव्या साडीत हातात फाइल घेऊन उगाच इकडून तिकडे जात होते.

अध्यक्ष काचेच्या दारापाशी उभे राहिले आणि त्यांना अंगण दिसलं.

"अरे यार," ते म्हणाले, "समोर खरं शस्त्र असताना आपण ड्रिल मशीनची पूजा काय करतोय?"

"अध्यक्ष, ते प्रदर्शनातलं आहे," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण पंगतीत वाढपी समोर आल्यावर आपण 'पुरे, पुरे' म्हणतो ना, त्या आवाजात.

"विचारून बघू ना."

बाहेर तोफेचे काका होते. त्यांची वेळ त्या दिवशी मुलीला दिलेली, म्हणून रागावून नुसते पुसत बसले होते. अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की आमच्याकडे आज शस्त्राला वंदन करतात, परवानगी आहे का. काकांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांना कंटाळून जांभया दिल्या होत्या, कोणी वंदन करतो म्हणालं नव्हतं. परवानगी द्यायचा अधिकार काकांना नव्हता. तो कोणाला आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं.

सगळा जमाव अंगणात आला. कोणीतरी तोफेच्या तोंडावर झेंडूचा हार अडकवला. आणि अध्यक्षांनी ताम्हण माझ्यापुढे केलं.

"वहिनी, मान तुमचा. जागा तुमच्यामुळे मिळाली. नारळही तुम्हीच फोडायचा."

इथे मला वडील आठवले असं लिहायला फार आवडेल. नाही आठवले. मुलीची फेरी आठवली नाही, भाड्याचे हात आठवले नाहीत. फोटोवाला डावीकडे आहे, तेव्हा पदर कुठून घ्यावा, एवढंच मनात आलं. ज्या काकूंनी तिळगूळ लांबून दिला होता त्या आता हात जोडून उभ्या होत्या आणि माझ्या हाताकडे बघत होत्या. मी तोफेला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. कुंकू जरा जास्तच घेतलं गेलं. मग चाकाच्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटला. दुसऱ्या फटक्याला फुटला. पाणी चाकावरून खाली गेलं आणि टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्या आवडल्या.

"...आणि ही ओतणारे हात," असं मागून ऐकू आलं, आणि वाक्य तिथेच थांबलं.

कोपऱ्यावर मुलगी उभी होती, संग्रहालयाच्या निळ्या शर्टात. तिच्यामागे वीस-पंचवीस माणसं, त्यांत बोर्डाची तिघं. बाजूला मावशी, चर्चला जायच्या कपड्यांत. त्या दिवसासाठी त्यांनी हॅट घातली होती.

मावशी पुढे आल्या. त्यांनी हार पाहिला, लाल डाग पाहिला, चाकाखालचं पाणी पाहिलं. बसमध्ये कोणी काय सांडलं ते विचारावं तशा शांतपणे त्यांनी मला विचारलं, "हे कोणासाठी?"

"मॅडम," अध्यक्ष मध्ये आले, "इन अवर कल्चर वी रिस्पेक्ट ऑल वेपन्स."

"मी यांना विचारलं," मावशी म्हणाल्या.

माझ्या दोन्ही हातांत नारळाची दोन भकलं होती. "आज आमचा सण आहे," मी म्हणाले.

"बरं," मावशी म्हणाल्या. क्षणभर थांबल्या, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग मागे वळून लोकांना म्हणाल्या, "चला, परत भट्टीकडे जाऊ या. इथे जरा कार्यक्रम चालू आहे."

शेवटचा थांबा झालाच नाही. मावशींची दोन मिनिटं झाली नाहीत. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही, ती भकलांकडे पाहत होती. तोफेच्या काकांपैकी एकाने टोपी काढून छातीशी धरली होती आणि दुसऱ्या हातात कोणीतरी दिलेलं प्रसादाचं खोबरं होतं.

त्या दुपारी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. मी कुंकू वाहते आहे आणि मागे निळ्या शर्टातली मुलगी, तोंड अर्धं उघडं. वर मथळा, मराठी शौर्याचा सातासमुद्रापार जयघोष. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'लेकही सेवेला हजर, याला म्हणतात संस्कार.' बारा वर्षांत माझ्या पुऱ्यांना कोणी एवढं नावाजलं नव्हतं.

मंगळवारी मुलगी घरी आली आणि बूट न काढता खुर्चीत बसली. बोर्डाला आमचा सोहळा फार आवडला होता. फेरीबद्दल मत बनवता आलं नाही, कारण शेवट बघायला मिळाला नाही. काकांनी लगेच कल्पना मांडली होती की शनिवारी अकराला 'सर्व संस्कृतींची तोफ' असा कार्यक्रम करावा, वेगवेगळ्या समाजांनी येऊन आपापल्या पद्धतीने तोफेचा सन्मान करावा. व्यवस्थापक म्हणाला, हा किती सुंदर संवाद आहे.

"आणि तुझी फेरी?"

"मंगळवार. पण मंगळवारचे नंबर्स लो आहेत, सो नेक्स्ट इयर दे विल सी."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद, आई."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"शी सेड, मी बस चालवायचे तेव्हा निदान मुलं उतरताना थँक यू म्हणायची." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुला सगळं माहीत होतं. तू माझी टूर पाठ म्हणू शकतेस."

नवऱ्याने फ्रीजपाशी उभ्या उभ्या विचारलं, "सही तू कुठे कुठे केली आहेस?"

"सगळीकडे," मी म्हणाले.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी झूमवर समितीची बैठक घेतली. मला सन्मानाने बोलावलं होतं. तोफेच्या नव्या कार्यक्रमात आपलं मंडळ पहिलं, कागदांवर दुवा म्हणून वहिनींची सही, आणि पुढच्या वर्षी वहिनी समितीवर. सगळे चौकटींत हसत होते.

मी म्हणाले की मी सही करणार नाही. ती तोफ कोणी ओतली, कशासाठी ओतली, ते मी सांगितलं. मुलीच्या फेरीतलंच सांगितलं, फक्त पाच दिवस उशिरा. आणि आपण ज्या बाईंसमोर नारळ फोडला त्या कोण, तेही सांगितलं.

"वहिनी, इतकं सीरियस नका घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "तोफेला कुठे जात असते?"

"ओतणाऱ्याला होती," मी म्हणाले.

तेव्हा तिळगूळवाल्या काकू म्हणाल्या, "हेच होतं बघा. तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्टीत तेच शोधता."

"आम्ही लोक म्हणजे?"

चौकटींतले चेहरे भिंतीवर टांगलेल्या तसबिरींसारखे झाले. तिघांनी एकदम माइक बंद केले. अध्यक्षांना ते जमलं नाही, बैठक त्यांनीच बोलावली होती.

"तुम्ही लोक म्हणजे... नागपूरचे हो," ते म्हणाले.

मला हसू आलं. बारा वर्षं ज्यांच्या मानासाठी मी पीठ मळत होते त्यांच्याकडे धड खोटं बोलण्याचीही तयारी नव्हती. यांच्या टाळ्या मला हव्या होत्या. त्या क्षणी मला त्यांची जेवढी किळस आली त्याहून माझी जास्त आली, आणि दोन्ही मिळून बरंच मोकळं वाटलं.

मग मी व्यवस्थापकाकडे गेले. गाडीत इंग्रजी भाषणाची तीनदा तालीम केली, त्यात परंपरा होती, वेदना होती, समेट होता. त्याच्या केबिनमध्ये मावशी आधीच बसलेल्या दिसल्या आणि सगळं विसरलं.

"तुम्ही एक संवाद सुरू केलात, त्याबद्दल आभार," तो म्हणाला.

"मी तो बंद करायला आले आहे," मी म्हणाले.

मी अर्जाची प्रत त्याच्यापुढे ठेवली. हा रकाना खोटा भरला आहे, मी भरला. वस्तूंना हात लावणार नाही, या अटीखाली माझी सही आहे, आणि वस्तूला मी हात लावला, शिवाय तिच्यावर नारळ फोडला. हे लेखी देते. दुवा म्हणून माझं नाव काढा, आणि आमच्या मंडळाला इथे पुन्हा जागा देऊ नका. आपल्याच मंडळावर बंदी घाला म्हणून अर्ज घेऊन आलेलं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो कागदाकडे असा बघत होता जणू कागदच आता संवाद साधेल. नोकरीत तेवीस वर्षं मी हेच करते, कोणी कुठली अट मोडली ते लिहून देते. फक्त गुन्हेगाराच्या जागी स्वतःचं नाव घालायची सवय नव्हती.

मावशींना मी म्हणाले, "तुम्ही विचारलंत कोणासाठी. माझ्यासाठी होतं. टाळ्यांसाठी."

"ते दिसत होतं," त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही.

पुढचं सगळं लेखी कागदाने केलं. अट मोडल्याचं कागदावर आल्यावर विमावाल्यांनी कळवलं की अंगणात बाहेरच्या लोकांचे विधी तूर्त नकोत. 'सर्व संस्कृतींची तोफ' बारगळली. काका रुसले, त्यांनी रविवार मागून घेतला. शनिवारी अकराला व्यवस्थापकाच्या कॅलेंडरात एक चौकोन रिकामा राहिला, आणि रिकामा चौकोन दिसला की त्या माणसाला चैन पडत नाही. मंगळवारची ठेवून त्याने तिथेही मुलीची फेरी टाकली. त्याचं मन बदललं, त्याला काही उमगलं, असं अजिबात नाही. न्याय कसा होतो याबद्दल माझ्या ज्या काही भव्य कल्पना होत्या त्या मी तेव्हा सोडल्या.

मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. प्लेनोच्या मैत्रिणीने अभिनंदनाचा मेसेज पाठवला, खाली लिहिलं, 'पुऱ्यांची सुटका झाली.'

पहिल्या शनिवारी मी साडी काढून ठेवली होती. मुलगी दारात थांबली.

"थँक्स, आई. पण तू येऊ नकोस."

"कधीच नको?"

"शनिवारी नको. तू दिसलीस की मला तो नारळ दिसतो." मग तिलाच वाईट वाटलं असावं. "मंगळवारी ये. मंगळवारी शाळेची मुलं असतात, त्यांना सांभाळताना मला काहीच दिसत नाही."

त्या शनिवारी मावशी आपल्या खापरपणजोबांबद्दल मोठ्या माणसांसमोर बोलल्या. दोन मिनिटांऐवजी अकरा मिनिटं बोलल्या, असं मुलगी म्हणाली. मी ते ऐकलं नाही. घरी कपाटं आवरली.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकून गेले. चौथीची मुलं होती. मलाही त्यांच्यासारखं छातीवर स्टिकर लावून घ्यावं लागलं. मी ओळीच्या शेवटी उभी राहिले आणि एकही प्रश्न विचारला नाही. तोफेपाशी आल्यावर मुलगी म्हणाली, "ही ओतणारे हात भाड्याचे होते," आणि तिचं वाक्य पूर्ण झालं. मग एका मुलीने मागच्या गोल भागाकडे बोट दाखवलं. तिथे घासूनही फिकट लालसर ठिपका राहिला आहे, लोखंडाच्या बारीक छिद्रांत बसलेला.

"हे काय आहे?"

"काही लोकांनी याची पूजा केली होती," माझी मुलगी म्हणाली.

"हे कोणी बनवलं ते त्यांना माहीत नव्हतं का?"

मुलीने मावशींकडे पाहिलं. मी स्टिकरचा कोपरा बोटाने दाबत राहिले.

"त्यांच्यातल्या एकीला माहीत होतं," मुलगी म्हणाली.

चौथीतल्या मुलीने त्यावर विचार केला आणि तोंड वाकडं केलं. मुलांना भट्टी पुन्हा एकदा बघायची होती. शिक्षिकेने सगळ्यांना जोडीदाराचा हात धरायला सांगितलं, पुढे पायऱ्या होत्या. ओळीत तीच मुलगी एकटी उरली. तिने आजूबाजूला बघितलं, दुसरं कोणी सापडेना, तेव्हा निरुपायाने हात माझ्यापुढे केला. तो ज्यूसने चिकट झाला होता. आम्ही भट्टीकडे निघालो.